एका थेंबात अल्झायमर? आधी त्या थेंबाबद्दल बोलू

फॅमिली ग्रुपवर ती बातमी परत फिरतेय. "रक्ताच्या एका थेंबातून अल्झायमर १० वर्षं आधी कळणार, नॅनो टेक्नॉलॉजीची कमाल". खाली निळाशार मेंदू, त्यातून विजा निघतायत, आणि त्याच्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मी पीएचडीला साधारण हेच करत होते, ग्राफीनवर अँटीबॉडी (एकच ठरावीक प्रोटीन पकडणारा रेणू) बसवायची आणि रक्तातलं एखादं प्रोटीन पकडायचं, त्यामुळे असलं काही आलं की सगळे मलाच टॅग करतात, "हे तुझंच ना गं?" नाही, माझं नाही. पण विषय माझा आहे, आणि या वेळी मावसभावाचा फोनही आला की आपल्याकडे कुठे करतात हे, आईची करून टाकू एकदा, तर म्हटलं आता एकदाच नीट लिहून ठेवते, पुढच्या वेळी लिंक फेकायची आणि मोकळं व्हायचं.

माझं म्हणणं आधीच सांगते. सेन्सर बनवणं अवघड नाहीये, म्हणजे आहे, पण ते जमतं. अवघड आहे ते रक्त. बातमीत ग्राफीन, सोन्याचे नॅनोकण, कार्बन नॅनोट्यूब ही नावं चमकत असतात आणि ज्या थेंबावर सगळी मदार आहे त्या थेंबाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

शोधायचं काय असतं? अल्झायमरमध्ये मेंदूत दोन प्रोटीन्सचा कचरा साठतो, पेशींच्या बाहेर अमायलॉइड बीटाचे थर आणि पेशींच्या आत टाऊचे गुंते. अलॉइस अल्झायमरने १९०६ मध्ये हे सांगितलं ते पेशंट गेल्यानंतर तिच्या मेंदूचे काप मायक्रोस्कोपखाली बघून, आणि पुढची जवळपास १०० वर्षं गाडी तिथेच अडकली होती, पक्कं निदान हवं असेल तर माणूस गेल्यावर मेंदू बघा. २००४ मध्ये पिट्सबर्ग कंपाउंड-बी नावाचं रसायन टोचून जिवंत माणसाच्या मेंदूतला अमायलॉइड पेट स्कॅनवर दिसायला लागला. भारी काम, पण त्यातला किरणोत्सारी कार्बन-११ दर २० मिनिटांनी निम्मा होतो, म्हणजे सायक्लोट्रॉन (तो बनवणारं मोठं मशीन) जवळपास त्याच आवारात पाहिजे. नंतर फ्लोरिन-१८ वाली रसायनं आली, ती ११० मिनिटांनी निम्मी होतात, तरी मुंबईत बनवून गाडीने सोलापूरला न्यायचं म्हटलं तर पोचेपर्यंत पाव भागसुद्धा उरत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे पाठीतलं पाणी काढणं. लंबर पंक्चर. ते पाणी मेंदूला लागून फिरतं त्यामुळे त्यात टाऊ आणि अमायलॉइड व्यवस्थित मोजता येतं, पण आपल्याकडे "पाठीतून पाणी काढलं की माणूस अधू होतो" हे इतकं पक्कं बसलंय की डॉक्टरांनी नुसता शब्द काढला तरी अर्धं घर उठून उभं राहतं. (अधू होत नाही. थोडे दिवस डोकं दुखू शकतं.)

म्हणून सगळ्यांचा डोळा रक्तावर. आणि रक्तात खरंच काहीतरी सापडलंय, हे मान्य करायलाच पाहिजे, ही हवेतली गोष्ट नाही. टाऊ प्रोटीनच्या साखळीत २१७ नंबरच्या जागेवर फॉस्फेट चिकटलं की त्याला पी-टाऊ२१७ म्हणतात, तसंच १८१ नंबरवर चिकटलं की पी-टाऊ१८१. मेंदूत अमायलॉइड साठायला लागला की हे रक्तात वाढतं, आणि २०२० मध्ये स्वीडनच्या लुंड युनिव्हर्सिटीच्या लोकांनी 'जामा' या मेडिकल जर्नलमध्ये दाखवलं की रक्तातल्या पी-टाऊ२१७ वरून अल्झायमर आणि दुसरे मेंदूचे आजार वेगळे ओळखता येतात. याशिवाय न्यूरोफिलामेंट लाइट, ज्याला सगळे एनएफएल म्हणतात (हो, माहितीये, अमेरिकन फुटबॉल), ते चेतातंतू तुटले की रक्तात उतरतं, पण ते एएलएस या चेतापेशींच्या आजारात वाढतं, मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये वाढतं, डोक्याला मार लागला तरी वाढतं आणि नुसतं वय वाढलं तरी वाढतं, म्हणजे ते कुठेतरी मोडतोड चालू आहे एवढंच सांगतं, कुठली ते नाही.

आता आकडे बघू, कारण खरी गंमत तिथे आहे.

तुमच्या घरातला ग्लुकोमीटर शुगर १०० दाखवतो तेव्हा ते १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. म्हणजे एका मिलिलिटर रक्तात एक मिलिग्रॅम. म्हणजेच १०० कोटी पिकोग्रॅम. आणि एनएफएल किती असतं? साधारण १० ते २० पिकोग्रॅम. पी-टाऊ२१७ तर बऱ्याच पद्धतींनी मोजलं तर एक पिकोग्रॅमच्याही खाली. तेव्हा "ग्लुकोमीटरसारखंच छोटं मशीन" असं जेव्हा बातमीत लिहितात ना, तेव्हा ग्लुकोमीटरला जेवढं दिसावं लागतं त्याच्या १०० कोटी पटींनी कमी माल या मशीनला दिसायला हवा असतो, हे वाक्य कोणी लिहीत नाही.

आणि नुसतं कमी आहे एवढंच नाही, गर्दीत आहे. रक्ताच्या पाण्यात (प्लाझ्मा म्हणतात त्याला) सगळ्यात जास्त प्रोटीन अल्ब्युमिन, एका मिलिलिटरमध्ये ४० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ४,००० कोटी पिकोग्रॅम. आषाढीला पंढरपुरात १० लाख माणसं धरली, तर अशा ४०,००० आषाढ्यांची सगळी गर्दी एका वाळवंटात उभी करायची आणि त्यातून एक ठरावीक माणूस काढून दाखवायचा. तोही लांबून, आणि काही मिनिटांत. सेन्सरकडून आपली ही अपेक्षा असते.

नॅनो मटेरियल इथे का लागतं हे आता कळेल. कण जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने जास्त, आणि जे काही घडतं ते पृष्ठभागावरच घडतं. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एक अणू जाडीचा पापुद्रा, २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्हने चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे थर सोलत सोलत काढला, २०१० ला त्यांना नोबेल. त्यात आत असं काही नसतंच, सगळा पृष्ठभागच, त्यामुळे वर एखादं भारित प्रोटीन येऊन बसलं की त्यातून जाणारा करंट बदलतो. कार्बन नॅनोट्यूब म्हणजे तोच पापुद्रा गुंडाळलेला. सोन्याचं वेगळं, त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत असले की लालचुटुक दिसतात (फॅरेडेने १८५७ मध्ये असं माणकासारखं पाणी करून ठेवलं होतं) आणि ते एकमेकांना चिकटले की निळसर होतात. कोविडच्या घरगुती किटवर जी लाल रेघ यायची, आपल्या पुण्याच्या मायलॅबचं कोविसेल्फ आठवत असेल, २०२१ च्या मे मध्ये आयसीएमआरने मान्यता दिलेलं पहिलं घरी करायचं किट, तर अशा बहुतेक पट्ट्यांवरची ती रेघ म्हणजे साठलेले सोन्याचे नॅनोकण असतात. प्रेग्नन्सी किटमध्ये पण तेच. आणि लगेच कोणीतरी सुवर्णभस्म मध्ये आणणार, तर काका, खाऊन यातलं काहीही होत नाही.

मग टाऊसाठी तशीच पट्टी का नाही? कारण डोळ्यांना दिसेल इतकी लाल रेघ यायला साधारण नॅनोग्रॅमच्या घरात माल लागतो, आणि आपल्याकडे त्याच्या हजारपट कमी आहे. म्हणून लोक इलेक्ट्रिकल मोजणीकडे वळतात, आणि मी पण तिकडेच होते.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगते, कारण बातमीतल्या फोटोत नेहमी निळे ग्लोव्हज आणि चमकणारी चिप असते आणि लॅबमध्ये असं काही नसतं. बोटाएवढी प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर कार्बनच्या शाईने छापलेला गोल, साबुदाण्याच्या दाण्यापेक्षा जरा मोठा. त्यावर मायक्रोपिपेटने ग्राफीनच्या काळ्या पाण्याचा पाच मायक्रोलिटरचा थेंब ठेवायचा आणि दिव्याखाली वाळवायचा. तो थेंब सरळ कधीच वाळत नाही, कडेला काळी रिंग आणि मधे फिकट, म्हणजे एकाच पट्टीवर दोन वेगळी मटेरियल्स झाल्यासारखं. दुपारी एसी वाढवला की रिंग वेगळी, पावसाळ्यात अजून वेगळी. मग त्यावर अँटीबॉडी टाकून रात्रभर ४ डिग्रीला फ्रीजमध्ये. सकाळी धुवायचं. मग उरलेली मोकळी जागा बुजवायला बीएसए, म्हणजे गाईगुरांच्या रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे माणसाचं अल्ब्युमिन चिकटू नये म्हणून आधीच गुरांचं चिकटवून ठेवायचं. याला ब्लॉकिंग म्हणतात आणि यावर अख्ख्या पीएचड्या झाल्यात.

मग पट्टी मशीनला जोडायची आणि स्क्रीनवर एक अर्धगोल येतो. प्रोटीन येऊन बसलं की इलेक्ट्रॉनला वाट काढायला जास्त त्रास होतो आणि अर्धगोल फुगतो. तो फुगताना बघायला फार भारी वाटतं, खोटं कशाला बोलू. सॅम्पलमध्ये जास्त टाऊ, मोठा अर्धगोल, सरळ रेषेत ग्राफ, आणि खाली लिहायचं "अमुक इतक्या फेम्टोमोलरपर्यंत ओळखतो". पेपर झाला.

पण तो टाऊ कशात होता? बफरमध्ये. म्हणजे स्वच्छ मिठाच्या पाण्यात, बाटलीतून विकत आणलेला शुद्ध टाऊ. रिव्ह्यूअरने विचारलंच तर "सीरममध्ये पण केलंय", आणि ते सीरम बाजारातून आणलेलं, शंभरपट पातळ केलेलं आणि त्यात टाऊ आपणच वरून घातलेला. पेपरमध्ये 'स्पाइक्ड' असा शब्द दिसला की समजायचं की चोर आपणच लपवलाय आणि आपणच पकडलाय. हे फसवणूक म्हणून नाही करत कोणी, तसं लिहिलेलं असतं पेपरमध्ये स्पष्ट, पहिली पायरी म्हणून ते ठीकच आहे. फक्त युनिव्हर्सिटीच्या प्रेसनोटमध्ये ती पायरी गळते, पेपरवाल्यांकडे पोचेपर्यंत बफर पण गळतो, आणि फॅमिली ग्रुपवर "रक्ताचा एक थेंब" उरतो.

पातळ का करावं लागतं, यामागे एक फार छळणारी गोष्ट आहे. ग्राफीनचा ट्रान्झिस्टर विजेचा भार ओळखतो. पण रक्त खारट असतं, आणि त्या मिठातले आयन कुठलाही भार दिसला की त्याच्याभोवती गोळा होतात आणि त्याला झाकून टाकतात. रक्ताएवढ्या खारट पाण्यात एक नॅनोमीटरच्याही आतच भार दिसेनासा होतो, याला डिबाय लांबी म्हणतात. आणि अँटीबॉडी स्वतःच दहाएक नॅनोमीटर उंच असते! म्हणजे टाऊ येऊन बसणार वर अँटीबॉडीच्या टोकाला, आणि सेन्सरला दिसणार फक्त तळातला एक नॅनोमीटर. म्हणून मग मीठ शंभरपट कमी करायचं, की ती लांबी सात नॅनोमीटरच्या आसपास जाते आणि सिग्नल मिळतो. छान. पण मीठ कमी करायचं तर रक्त पातळ करायचं, आणि रक्त पातळ केलं तर आधीच नसल्यासारखा असलेला टाऊ अजून शंभरपट कमी. दोन्हीकडून मार. लोक यावर डोकं लढवतात, अँटीबॉडीचा नुसता तुकडा वापरतात, किंवा डीएनएचा छोटा धागा ज्याला अ‍ॅप्टॅमर म्हणतात तो वापरतात, जो टाऊ पकडला की स्वतःच खाली वाकतो आणि भार तळाशी आणतो. हे मला फार आवडलेलं काम आहे. पण हे सगळं करूनही अल्ब्युमिन आहेच.

नॅनोकण रक्तात टाकला की काही क्षणांत त्याच्यावर रक्तातल्याच प्रोटीन्सचा थर चढतो. प्रोटीन कोरोना म्हणतात त्याला, २००७ पासून हे नाव रूढ झालंय, व्हायरसशी संबंध नाही. म्हणजे तुम्ही कितीही सुंदर सोन्याचा कण बनवा, रक्ताला तो सोन्याचा दिसतच नाही, आणि जो पृष्ठभाग जास्त मिळावा म्हणून नॅनो केलं तोच पृष्ठभाग भलत्यांनी अडवलेला असतो. एकाच गुणामुळे टाऊ पकडला जातो आणि त्याच गुणामुळे कचरा पण.

तरी चांगलं काम झालेलं नाही असं नाही. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या चॅड मिरकिनच्या ग्रुपने २००५ मध्येच सोन्याच्या कणांवर डीएनएचे शेकडो धागे बसवून, पकडलेल्या एकेका रेणूमागे शेकडो धागे मोजायचे, अशी बायो-बारकोड युक्ती वापरून अमायलॉइडचे छोटे विषारी पुंजके ओळखले होते. पाठीतल्या पाण्यात, रक्तात नव्हे. आणि २०२० मध्ये कोरियातल्या केएआयएसटी या संस्थेच्या लोकांनी दाटीवाटीने एका दिशेत लावलेल्या कार्बन नॅनोट्यूब्जचा सेन्सर करून खऱ्या माणसांच्या प्लाझ्मात दोन प्रकारचे अमायलॉइड आणि दोन प्रकारे टाऊ एकदम मोजला, आणि त्यांच्या गुणोत्तरांवरून पेशंट आणि निरोगी माणसं वेगळी काढली, सेन्सिटिव्हिटी ९०%, सिलेक्टिव्हिटी ९०%. हे मी कोणालाही अभिमानाने दाखवेन असं काम आहे, स्पाइक्ड बिइक्ड काही नाही.

पण ९०% म्हणजे काय ते एकदा मांडून बघू या. आपल्याकडे लासी-डॅड नावाचा मोठा सर्व्हे झाला, २०२३ मध्ये आकडे आले, साठीच्या पुढच्या भारतीयांमध्ये ७.४% ना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचा एक प्रकार), म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आणि खेड्यात शहरापेक्षा जास्त. आता समजा तालुक्याच्या गावात शिबिर लावलं आणि साठीच्या वरच्या १,००० जणांची ९०-९० वाली टेस्ट केली. ७४ जणांना आजार, त्यातले ६७ पकडले, वा. उरलेले ९२६ बरे, त्यातल्या १०% चा रिपोर्ट चुकीचा पॉझिटिव्ह, म्हणजे ९३ जण. पॉझिटिव्ह आले १६० आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना काही झालेलंच नाही! ९३ घरांमध्ये "आजोबांचं आता संपलं" म्हणून रडारड, सातबाऱ्यावरची नावं बदलायची घाई. आणि हे सगळा डिमेन्शिया अल्झायमरच असतो असं धरून, जे खरं नाही, म्हणजे प्रत्यक्षात याहून वाईट. कोरियाच्या पेपरमध्ये एका बाजूला निदान झालेले पेशंट आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत माणसं होती, ओपीडीत तसं कोणी येत नाही, तिथे मधली माणसं येतात.

बरं मग शर्यत जिंकली कोणी? तर ज्यांच्या नावात नॅनो नाही अशांनी. डेव्हिड वॉल्ट यांच्या ग्रुपने २०१० मध्ये सिमोआ मांडलं, त्यात २.७ मायक्रॉनचे चुंबकीय मणी (मायक्रो, नॅनो नाही) लाखोंनी टाकायचे, एका मण्यावर एक रेणू बसेल इतके, मग एकेक मणी एकेका सूक्ष्म खळग्यात बसवायचा आणि कुठले खळगे उजळले ते मोजायचे. किती प्रकाश आला हे मोजायचंच नाही, आला की नाही एवढंच. रेणू मोजण्याची ही पद्धत मला आजही सगळ्यात हुशार वाटते. आणि १६ मे २०२५ ला अमेरिकेच्या एफडीएने अल्झायमरसाठी पहिली रक्ताची टेस्ट मंजूर केली ती फुजिरेबिओ या जपानी कंपनीची, ल्युमिपल्स, पी-टाऊ२१७ आणि अमायलॉइड बीटा ४२ यांचं गुणोत्तर. त्यात काय आहे? फेराइटचे चुंबकीय कण, चांगल्या अँटीबॉडी, आणि शेवटी प्रकाश देणारी एन्झाइमची केमिस्ट्री, म्हणजे ज्या जातीच्या मशीनवर तुमची थायरॉइडची टेस्ट होते तीच जात. ग्राफीन नाही, नॅनोट्यूब नाही, बोटातला थेंब नाही, दंडातून नेहमीसारखं रक्त.

आणि ती मंजुरी कशी आहे ते पण वाचा. ५५ च्या पुढचे, ज्यांना लक्षणं दिसतायत आणि जे तज्ज्ञाकडे आलेत असेच. ४९९ जणांच्या सॅम्पलवर बघितलं, पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ९१.७% लोकांच्या पेट स्कॅनमध्ये किंवा पाठीतल्या पाण्यात खरंच अमायलॉइड होता, निगेटिव्हपैकी ९७.३% मध्ये खरंच नव्हता, आणि २०% पेक्षा थोडे कमी लोक मधेच लटकले, ना हो ना नाही. मधे लटकणारा गट ठेवायची हिंमत त्यांनी केली म्हणून बाकीचे आकडे चांगले आले, हे मला फार प्रामाणिक वाटतं. फॉरवर्डमध्ये हा मधला गट कधीच नसतो.

एका थेंबाच्या हट्टाबद्दल अजून एक. पार्किन्सन्समध्ये अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रोटीन शोधतात, आणि रक्तातलं ९९% हून जास्त अल्फा-सिन्युक्लिन लाल पेशींच्या आत असतं, त्याचा मेंदूच्या आजाराशी काही संबंध नाही. आता बोट टोचून थेंब येत नाही म्हणून नर्सने बोट दाबलं, पिळलं, की लाल पेशी फुटतात आणि तुमच्या प्लाझ्मात भलतंच अल्फा-सिन्युक्लिन सांडतं, सेन्सर बिचारा अगदी बरोबर मोजतो, पण चुकीच्या जागेचं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतलेलं रक्त वेळेत फिरवून प्लाझ्मा वेगळा केला नाही तर अमायलॉइड कमी भरतो, प्लास्टिकला चिकटतो तो वेगळाच. ट्यूब बाइकच्या डिकीत ठेवून मे महिन्यात कलेक्शनवाला मुलगा चार घरं फिरला तर काय मोजणार आपण? थेरानोसवाल्या एलिझाबेथ होम्सने बोटातल्या थेंबावर शेकडो टेस्ट करायचं स्वप्न विकलं आणि जानेवारी २०२२ मध्ये ती फसवणुकीत दोषी ठरली, तेव्हा सगळे तिच्या मशीनबद्दल बोलत होते, पण बोटातून पिळून काढलेलं रक्त आणि शिरेतून काढलेलं रक्त एकसारखं नसतं ही जुनी भानगड तिथेही होतीच.

तर आता दादा, म्हणजे तो मावसभाऊ. त्याला फोनवर एवढं सगळं नाही सांगितलं, तो म्हणाला असता तू आधी श्वास घे. विचारलं, मावशी नक्की काय विसरते? तर म्हणे "गॅस चालू राहतो, आणि तेच तेच विचारते, आणि मालिकेचा आवाज एवढा मोठा ठेवते की शेजारचे बोलतात." मी म्हटलं, दादा, कान तपासलास का तिचा? बी१२ केलंस? थायरॉइडची टीएसएच? मावशी जन्मभर शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, त्यात गेली काही वर्षं शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू, त्या गोळीने बी१२ अजून खाली जातं. शिवाय झोपेची कुठलीशी गोळी कोणीतरी लिहून दिलेली आणि ती अजून चालूच. पडली बिडली होती का मध्ये, डोक्याला लागलं होतं का, म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात हळूहळू रक्त साठून पण असंच वागणं होतं आणि ते एका साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसतं. यातल्या कितीतरी गोष्टी सुधारता येतात आणि त्यातल्या एकाचंही फॉरवर्ड येत नाही. त्याचं उत्तर ठरलेलं, "अगं पण साठी बुद्धी नाठी, होणारच ना." मग टेस्ट कशाला हवीये रे तुला? गप्प. शेवटी न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट घ्यायचं कबूल केलं, आणि जाताना मावशीच्या किडनीचे जुने रिपोर्ट घेऊन जा म्हटलं, कारण किडनी मंदावली की पी-टाऊ आणि एनएफएल दोन्ही रक्तात साठून वाढलेले दिसतात, मेंदूला काही न होता.

टेस्ट पॉझिटिव्ह आली तर पुढे काय हा प्रश्न पण आहे. लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, डोनानेमॅबला २०२४ मध्ये, दोन्ही अमायलॉइड साफ करतात आणि आजार थोडा हळू करतात, थांबवत नाहीत. लेकॅनेमॅब सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून द्यायचं, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाहीये ना हे बघायला मधे मधे एमआरआय. ज्या गावात एमआरआयसाठीच जिल्ह्याला जावं लागतं तिथे हे कसं जमवायचं मला खरंच सुचत नाही.

एवढं सगळं लिहिल्यावर तुम्हाला वाटेल ही नॅनोच्या विरोधात गेली. नाही हो. मला वाटतं आपण त्याला चुकीची नोकरी देतोय. मोठ्या शहरात मोठं मशीन आहे, तिथे ग्राफीनची पट्टी त्याच्याशी कुस्ती खेळून हरणार. पण ग्रामीण रुग्णालयात, जिथे न्यूरोलॉजिस्ट नाही, तिथे एखादी स्वस्त टेस्ट जर "याला अल्झायमर नाही, दुसरं कारण शोधा" एवढंच खात्रीने सांगू शकली तरी खूप झालं, कारण निगेटिव्ह सांगणं हे पॉझिटिव्ह सांगण्यापेक्षा सोपं काम आहे, वरच्याच आकड्यांमध्ये निगेटिव्ह आलेल्या ८४० मध्ये फक्त ७ चुकले असते. रोश कंपनीच्या पी-टाऊ१८१ टेस्टला ऑक्टोबर २०२५ मध्ये एफडीएने साध्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यासाठी मंजुरी दिली ती याच कामासाठी, नाही म्हणायला. युरोपात बोटातलं रक्त खास कार्डावर वाळवून, फ्रीजशिवाय पोस्टाने पाठवून त्यातून पी-टाऊ२१७ मोजून दाखवलंय, आणि मला वाटतं नॅनोवाल्यांनी त्या कार्डाकडे बघावं, म्हणजे मोजायचं काम मोठ्या मशीनला करू दे, आपण रक्त गाळणं, टाऊ पकडून धरणं, तो वाटेत खराब होऊ न देणं यात मटेरियल वापरू. यात अर्धगोल नाही, निळा मेंदू नाही, कव्हर पेजवर फोटो येणार नाही, त्यामुळे विद्यार्थी मिळणं मुश्कील.

आणि कटऑफचं तर कोणी बोलतच नाही. किती पी-टाऊ म्हणजे जास्त, हे आकडे बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या, शिकलेल्या, रिसर्चसाठी स्वतःहून आलेल्या लोकांवरून ठरलेत. आपल्याकडे शुगर जास्त, किडनीचे त्रास जास्त, शरीरयष्टी वेगळी (वजन जास्त असलं की एनएफएल कमी दिसतं, कमी असलं की उलट). लासी-डॅडवाल्यांनी हजारो भारतीय म्हाताऱ्या माणसांचं रक्त घेऊन त्यात हे सगळे मार्कर मोजलेत, त्यावर पेपर येतायत. ते वाचायला घेतलेत, पूर्ण झाले की वेगळं लिहीन, बी१२ आणि मेटफॉर्मिनवर पण लिहायचंय. तोपर्यंत कोणी ती निळ्या मेंदूवाली बातमी पाठवलीच तर मूळ पेपर काढा आणि त्यात 'स्पाइक्ड' शोधा, बाकीचं वाचायची गरज बहुतेक पडणार नाही.